रोजची गोळी आणि आपले काळीज



आज मी आपल्याशी बोलणार आहे ते एका लहानशा गोळीविषयी. रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी डॉक्टर जी रोज घ्यायला सांगतात, ती ही गोळी. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात ती फडताळावर, देवघराशेजारी नाहीतर उशाखाली असेल. कुणी ती नेमाने घेत असेल, कुणी आठवण झाली तर घेत असेल, आणि कुणी ती कधीच बंद करून टाकली असेल. मला बोलायचे आहे ते विशेषतः या शेवटच्या मंडळींशी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नव्हे. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवणारा मी एक साधा प्राध्यापक आहे. मग हा विषय माझ्याकडे कसा आला? तो आला माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती चूक सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

माझे थोरले चुलतभाऊ गावाकडे शेती पाहतात. घरात आणि गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. २०१८ साली, ऐन सुगीत, खळ्यावर असताना त्यांच्या छातीत कळ आली. शहरातल्या रुग्णालयात नेले, हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळीची नळी बसवली आणि अण्णा बचावले. घरी येताना चार-पाच प्रकारच्या गोळ्या बरोबर आल्या. त्यांतली एक कोलेस्टेरॉलची. सहासात महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा कागदावर सगळे आकडे जागच्या जागी होते. अण्णांनी मला फोन केला. म्हणाले, “मास्तर, रिपोर्ट एकदम नारमल आलाय बघ. आता ही एक गोळी कशापायी खायची? बंद करू का?”

मी त्या वेळी पेपर तपासत बसलो होतो. मान वर न करता म्हणालो, “आकडा चांगला आलाय ना अण्णा, मग काय हरकत आहे?”

एवढेच बोललो. अण्णांनी गोळी बंद केली. ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली होती त्यांना विचारले नाही, कारण घरातल्या शिकलेल्या माणसाला विचारून झाले होते. २०२१ साली त्यांना दुसरा झटका आला. या खेपेलाही ते वाचले, पण हृदयाचे बळ कमी झाले. आज अण्णा बांधावर बसून दुसऱ्यांना काम सांगतात. स्वतः कुदळ उचलता येत नाही.

दुसऱ्या झटक्यानंतर मी तिथल्या डॉक्टरांना विचारले, “हे गोळी बंद केल्यामुळेच झाले का?” ते शांतपणे म्हणाले, “तसे एका माणसाच्या बाबतीत कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. गोळी चालू असतानाही झटका आला असता, असे होऊ शकते. पण जे संरक्षण होते ते तुम्ही काढून घेतलेत, एवढे खरे.” ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले. त्यातले जे पक्के आहे तेवढेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कोलेस्टेरॉल म्हणजे काय ते पाहू. हे नाव ऐकले की आपल्याला काहीतरी विष डोळ्यांपुढे येते. वास्तविक ते विष नाही. तो मेणासारखा मऊ, पाण्यात न विरघळणारा पदार्थ आहे. पित्ताशयातल्या खड्यांमध्ये तो प्रथम सापडला, म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून त्याचे नाव पडले. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. पित्त, काही संप्रेरके, ड जीवनसत्त्व यांच्या घडणीला तो लागतो. तो नसेल तर आपण जगणार नाही. आणि गंमत अशी की, त्यातला बराचसा भाग आपल्या खाण्यातून येत नाही. तो शरीरातच, मुख्यतः यकृतात, तयार होतो. म्हणून अंगाने काटक, पथ्याने राहणाऱ्या, माळकरी माणसाच्याही रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेले सापडते. त्यात त्याचा काही दोष नसतो.

आता, पाण्यात न विरघळणारा हा पदार्थ रक्तातून जाणार कसा? त्याला गाडी लागते. यकृतातून निघालेला माल शरीरभर पोहोचवणाऱ्या ज्या गाड्या, त्यांना डॉक्टर एल.डी.एल. म्हणतात. रिपोर्टमध्ये हा शब्द आपण पाहिला असेल. उरलेला माल गोळा करून यकृताकडे परत नेणाऱ्या गाड्या म्हणजे एच.डी.एल. बाजाराच्या दिवशी गावात गरजेपेक्षा फार गाड्या शिरल्या तर काय होते ते आपण जाणताच. रस्ता अडतो, माल कुठेही उतरवला जातो. एल.डी.एल.च्या गाड्या रक्तात फार झाल्या की त्या रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात आणि तिथे माल टाकतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की, नळाला आतून गंज चढावा तशी चरबी वाहिनीला आतून चिकटते आणि हळूहळू नळ बंद होतो. खरा प्रकार थोडा निराळा आहे. मातीच्या भिंतीत ओल मुरली म्हणजे वरचा गिलावा फुगतो. बाहेरून भिंत धडच दिसते. मग एक दिवस तो फुगवटा फुटतो आणि पोपडा खाली येतो. वाहिनीच्या भिंतीत तसेच होते. चरबीचा साठा भिंतीच्या पोटात असतो. त्याचे वरचे आवरण फाटले की त्या जागी रक्ताची गुठळी धरते, आणि ती गुठळी काही मिनिटांत वाट बंद करते. हृदयाच्या वाहिनीत हे घडले तर हृदयविकाराचा झटका. मेंदूकडे जाणाऱ्या वाहिनीत घडले तर पक्षाघात, ज्याला आपण लकवा मारला म्हणतो. म्हणूनच कालपर्यंत नांगर धरणारा माणूस आज एकाएकी जातो, आणि लोक म्हणतात, “काही तक्रार नव्हती हो!” तक्रार नव्हतीच. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. ते फक्त रक्त तपासल्यावर कळते.

या दुखण्यावर औषध कसे सापडले, ती हकिकत शेतकऱ्यांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. जपानच्या उत्तर भागात, अकिता प्रांतात, १९३३ साली एका शेतकरी कुटुंबात अकिरा एंडो नावाचा मुलगा जन्मला. आजोबांनी त्याला लहानपणी कवकांची नि बुरशींची ओळख करून दिली, आणि तो नाद त्याला जन्मभर पुरला. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगचे चरित्र वाचून त्याने ठरवले की आपणही बुरशीतूनच औषध काढायचे. १९६६ ते १९६८ ही दोन वर्षे त्याने अमेरिकेत न्यूयॉर्कला काढली. तिथे हृदयविकाराने आडवी होणारी माणसे त्याने पाहिली.

परत आल्यावर १९७१ साली टोकियोच्या एका औषध कंपनीत त्याने शोध सुरू केला. त्याचा तर्क साधा होता. बुरशीला पाय नाहीत, तिला पळता येत नाही. मग शेजारच्या जंतूंपासून ती आपला बचाव करते ती काही रसायने सोडून. त्या जंतूंना वाढण्यासाठी कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ लागत असेल, तर तो तयारच होऊ न देणारे रसायन एखाद्या बुरशीजवळ असले पाहिजे. या एका तर्कावर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सुमारे ६००० प्रकारच्या बुरशा तपासल्या. १९७३ साली हवी ती सापडली. कुठून आली होती ती? क्योटो शहरातल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरून! तांदळावर धरलेली निळसर-हिरवी बुरशी. आपण ती पाहिली असती तर तो तांदूळ उकिरड्यावर टाकला असता.

पुढची वाटही सरळ नव्हती. ते रसायन उंदरांना देऊन पाहिले तर काहीच परिणाम नाही. प्रयोग तिथेच संपायचा. पण एंडो यांनी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांवर ते वापरून पाहिले, आणि त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. १९७८ साली ओसाका येथे, जन्मतःच अतिशय जास्त कोलेस्टेरॉल असलेल्या अठरा वर्षांच्या एका मुलीला ते प्रथम देण्यात आले. तिचे कोलेस्टेरॉल उतरले. पण स्नायूंना अशक्तपणाही आला, तेव्हा मात्रा कमी करावी लागली. म्हणजे गुण आणि दोष दोन्ही पहिल्याच खेपेला दिसले. हे मूळचे औषध काही बाजारात आले नाही. परंतु त्याच जातीचे दुसऱ्या एका बुरशीतून मिळालेले लोव्हास्टॅटिन हे औषध अमेरिकेत १९८७ साली मान्य झाले, आणि त्यानंतर या कुळातली इतर औषधे आली. या साऱ्यांना मिळून ‘स्टॅटिन’ म्हणतात. आपल्या गोळीच्या पाकिटावर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन असे काही नाव असेल. शेवटची अक्षरे पाहा, कूळ ओळखता येईल. एंडो यांचे २०२४ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले.

आता ही गोळी पोटात गेल्यावर काय करते? इथे मला, मराठीचा मास्तर म्हणून, एक शब्द आठवतो. आपण म्हणतो ‘काळीज धडधडले’, तेव्हा आपल्याला हृदय अभिप्रेत असते. पण मटणाच्या दुकानात काळीज किंवा कलेजी मागितली तर खाटीक यकृत देतो. आपल्या भाषेने यकृत आणि हृदय एकाच शब्दात बांधून ठेवले आहेत. या गोळीचे कामही असेच आहे. ती जाते यकृताकडे आणि राखते हृदयाला.

ते कसे? यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या कामात एक किण्वक, म्हणजे एन्झाइम, मुकादमासारखे असते. गोळी त्या मुकादमाचा हात धरते. उत्पादन घटते. यकृताला स्वतःच्या गरजेपुरते कोलेस्टेरॉल कमी पडू लागते. मग ते काय करते? आपल्या अंगावरचे दरवाजे वाढवते आणि रक्तातून जाणाऱ्या एल.डी.एल.च्या गाड्या आत ओढून घेते. रक्तातल्या गाड्या कमी होतात. हे दरवाजे ज्यांनी शोधून काढले त्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यात एक मुद्दा पक्का ध्यानात ठेवा. मुकादमाचा हात गोळी धरून ठेवते तोवरच काम थांबते. गोळी थांबली की काही आठवड्यांत कारखाना पूर्ववत सुरू होतो आणि आकडा पुन्हा होता तिथे जातो. अण्णांचा रिपोर्ट ‘नारमल’ आला होता तो गोळीमुळे. मी काय केले? बांध घातला म्हणून शेतातली माती थांबली होती, आणि माती वाहत नाही असे पाहून मी म्हणालो, “आता बांध फोडायला काय हरकत आहे?” शेतकऱ्याचा मुलगा असून माझ्या हे ध्यानात आले नाही.

आपण विचाराल, आकडा कमी होतो हे खरे, पण माणसे वाचतात का? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर १९९४ साली मिळाले. स्वीडन, नॉर्वे वगैरे उत्तर युरोपातल्या देशांत हृदयविकाराचे ४४४४ रुग्ण घेतले. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन ही गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती मिळते हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही ठाऊक नाही. साधारण साडेपाच वर्षांनी हिशेब केला. औषधाविना असलेल्या गटात २५६ माणसे दगावली होती. औषधाच्या गटात १८२. म्हणजे शंभरात जिथे बारा गेले असते तिथे आठ गेले. शंभरामागे चार माणसे वाचली. पुढे २०१० साली अशा २६ चाचण्यांतल्या सुमारे १,७०,००० माणसांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात दिसले की, एल.डी.एल. साधारण ३९ मिलिग्रॅमने खाली आणले की झटका, पक्षाघात अशा मोठ्या संकटांचा धोका सुमारे एक पंचमांशाने कमी होतो.

हे आकडे मी वाढवून सांगत नाही, हे आपल्या लक्षात येईल. गोळी म्हणजे अमृत नव्हे. ती घेऊनही शंभरातले आठ गेले. आणि त्या चौघांतले आपण एक आहोत की नाही हे कुणालाही कधी कळणार नाही, कारण न आलेला झटका दिसत नाही. म्हणूनच ही गोळी नेमाने घेणे अवघड जाते. डोकेदुखीच्या गोळीचा गुण तासाभरात कळतो. हिचा गुण कधीच ‘जाणवत’ नाही.

मग ही कुणी घ्यावी? ज्यांना झटका किंवा पक्षाघात एकदा येऊन गेला आहे, ज्यांच्या वाहिनीत नळी बसवली आहे किंवा बायपास झाले आहे, त्यांना ही बहुधा जन्मभर लागते. त्यांचे एल.डी.एल. ७० च्या खाली, पुष्कळदा त्याहूनही खाली ठेवायचा प्रयत्न डॉक्टर करतात. रिपोर्टच्या कागदावर छापलेली मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. तेव्हा आकडा तिच्या आत दिसला म्हणजे आपले काम झाले असे या लोकांनी समजू नये. ज्यांचे एल.डी.एल. १९० किंवा अधिक आहे त्यांनाही गोळी लागते. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेह्यांपैकी बहुतेकांना ती देतात. बाकीच्यांच्या बाबतीत वय, रक्तदाब, तंबाखू, घराण्यातला इतिहास असे सगळे पाहून डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याचा आकडा आणि आपला आकडा सारखा आहे म्हणून त्याची गोळी आपण घ्यावी, किंवा तो घेत नाही म्हणून आपण सोडावी, असे करू नये.

काही घराण्यांत हा दोष रक्तातूनच येतो. बाप पंचेचाळिशीत गेला, चुलता पन्नाशीत गेला, मोठा भाऊ चाळिशीतच आजारी पडला, अशी घरे आपल्या गावात असतील. लोक म्हणतात, “त्या घराला शाप आहे.” शाप वगैरे काही नाही. यकृताच्या त्या दरवाजांतला जन्मजात दोष पुष्कळदा त्यामागे असतो. अशा घरातल्या तरुण मुलांचे, अगदी शाळकरी मुलांचेही, रक्त तपासून घ्यावे. शिक्षक मंडळींनो, कोणत्या विद्यार्थ्याचे वडील अकाली गेले हे तुम्हांला ठाऊक असते. त्या घरी जाऊन एवढा एक निरोप द्या.

आता दुसरी बाजू. या गोळीला दोष आहेत का? आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काहींचे स्नायू दुखतात. काहींच्या यकृताच्या तपासणीत फरक दिसतो. ज्यांची साखर सीमेवर आहे त्यांची ती थोडी वाढून मधुमेहात जमा होऊ शकते. क्वचित, अगदी क्वचित, स्नायूंना गंभीर इजा होते आणि तिचा भार मूत्रपिंडावर पडतो. याच कुळातले सेरिव्हास्टॅटिन नावाचे एक औषध या कारणाने २००१ साली बाजारातून काढून घ्यावे लागले. म्हणून स्नायू असह्य दुखू लागले, हातापायांतले बळ गेले, लघवी कोऱ्या चहासारखी काळसर होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तसेच काही जंतुनाशक औषधांबरोबर स्टॅटिनचे पटत नाही; म्हणून कोणत्याही दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. गर्भवती स्त्रियांना आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना ही गोळी सहसा देत नाहीत. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावे.

परंतु सगळीच दुखणी गोळीची नसतात. २०२० साली इंग्लंडमध्ये एक मोठी मजेची, पण शिकण्यासारखी चाचणी झाली. स्टॅटिन सोसत नाही म्हणून ज्यांनी सोडली होती अशी ६० माणसे घेतली. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत खरी गोळी, चारांत औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, आणि चार बाटल्या रिकाम्या. रोजचा त्रास रोज नोंदवायचा. वर्षअखेर दिसले ते असे: रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी, खऱ्या गोळीच्या महिन्यांत जास्त, आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही जवळजवळ तेवढाच जास्त! म्हणजे शंभर भागांतला नव्वद भाग त्रास औषधाचा नव्हता, ‘आपण गोळी घेतो आहोत’ या धास्तीचा होता. त्रास खोटा नव्हता, बरं का. माणसे खरोखर दुखत होती. कारण मात्र निराळे होते. आपापला हिशेब पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या जणांनी गोळी पुन्हा सुरू केली.

आपल्याकडे ही धास्ती पारावर तयार होते आणि हल्ली मोबाइलवरून घरोघर पोहोचते. ‘गोळीने किडनी जाते’, ‘एकदा लागली की सुटत नाही’, ‘अमक्या काढ्याने मुळापासून जाते’. सांगणाऱ्याचे काही जात नाही. त्रास वाटला तर डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, याच कुळातली दुसरी गोळी देता येते, निराळ्या कुळातले औषधही आहे. परस्पर बंद करणे हा मात्र उपाय नव्हे.

घ्यायची कशी, तेही थोडक्यात सांगतो. रोज ठरल्या वेळी घ्यावी. सिम्व्हास्टॅटिनसारखी काही औषधे रात्री घेतलेली बरी, तर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन दिवसात केव्हाही चालतात. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सुरू केल्यावर एक ते तीन महिन्यांत पुन्हा रक्त तपासतात, ते चुकवू नका. पैशाची अडचण असेल तर ती डॉक्टरांना संकोच न करता सांगा. जन औषधी केंद्रात हीच औषधे मूळ नावाने, पुष्कळ कमी दरात मिळतात. पाकिटावरचे मोठे नाव निराळे असले तरी बारीक अक्षरातले औषध तेच आहे ना, ते पाहावे. आणि हे वाचून देणे घरातल्या शाळकरी मुलालाही जमते.

गोळी चालू आहे म्हणून ताटात काहीही चालेल असे मात्र नाही. तंबाखू, विडी, मिश्री यांच्याइतका वाहिन्यांचा वैरी दुसरा नाही. ती सोडलीच पाहिजे. वनस्पती तूप आणि तेच तेच तेल पुन्हा तापवून तळलेले पदार्थ टाळावेत. वनस्पती तुपात जे घातक ट्रान्स फॅट असे, त्यावर आपल्या देशात २०२२ पासून शंभराला दोन टक्के अशी मर्यादा घातली आहे; तरी जपलेले बरे. तूप, लोणी, खोबरेल तेल बेतानेच. भाकरी, डाळी, पालेभाज्या हे आपले जुनेच अन्न चांगले. आणि शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे ठळक छापलेले पाहून भुलू नका. वनस्पतीच्या कोणत्याच तेलात कोलेस्टेरॉल नसते. म्हशीला पंख नाहीत असे सांगून म्हैस विकण्यासारखेच ते आहे.

शेवटी पुन्हा शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. खेड्यात माणूस डॉक्टरांच्या आधी मास्तरांना विचारतो. डॉक्टर लांब असतो, त्याला वेळ नसतो, त्याची भाषा कळत नाही. मास्तर आपला असतो. हा विश्वास मोठा आहे, आणि मी तो पेपर तपासता तपासता वापरला. तुमच्याकडे उद्या कुणी येईल, खिशातून घडी घातलेला कागद काढील आणि म्हणेल, “गुरुजी, आकडा तर बरा आलाय, गोळी बंद करू का?” त्या वेळी आपण पेन खाली ठेवावे आणि त्याला सांगावे, “आकडा बरा आलाय तो गोळीनेच. ज्यांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चला, मी फोन लावून देतो.” एवढे केले तरी पुरे.

अण्णा आता रोज रात्री जेवणानंतर गोळी घेतात. घेतली की मला फोन करतात. फार बोलत नाहीत. “घेतली रे,” म्हणतात, पावसापाण्याचे एखादे वाक्य बोलतात आणि ठेवून देतात. त्यांनी मला त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलून दाखवलेला नाही. मीच तो आज आपल्यापुढे बोलून दाखवला.